बदामाखालची चादर

बाई कुठंही गेल्या की आधी एक डोळा मिटायच्या. मग उजवा हात ताठ पुढं करून, मुठीत पेन्सिल उभी धरून, समोर जे असेल त्याला पेन्सिलीनं झाकायच्या. विजेचा खांब, पाण्याची टाकी, संस्थेचे अध्यक्ष. झेंडावंदनाला अध्यक्षांचं भाषण चालू होतं आणि बाई मागच्या रांगेत उभ्या राहून त्यांनाच मोजत होत्या, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

"एक मीटर त्रेसष्ट," त्या शेजारच्या सरांना हळूच म्हणाल्या. "भाषणात जास्त वाटतात."

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. चालताना फरश्या मोजणारी, जिना चढताना पायऱ्या मोजणारी. पण ती स्वतःपुरती मोजतात. बाई मोजायच्या आणि लगेच समोरच्याला विचारायच्या, "तुम्हाला किती वाटतं?" समोरचा गडबडून काहीतरी बोलला, की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं.

"अंदाज चालेल. थाप चालणार नाही."

बाई आमच्या शाळेत गणित शिकवायच्या. शाळा कात्रजला, टेकडीच्या पायथ्याशी. बाई कसबा पेठेतल्या. रोज सकाळी जुन्या स्कूटरवरून सगळं पुणं ओलांडून यायच्या आणि फाटकातून आत शिरताना वॉचमनला आज किती मिनिटं लागली ते सांगायच्या. वॉचमनला त्याचं काही पडलेलं नव्हतं. तो "बरं" म्हणायचा.

मी त्या शाळेत झाडलोट करते. ठेकेदाराकडून आहे, शाळेची नाही. माझं गाव गोंदियाच्या पलीकडं, जंगलाला लागून. नवऱ्याला इथल्या कंपनीच्या कँटीनमध्ये काम मिळालं म्हणून आलो. माझी शाळा सातवीत सुटली. नेमकं सांगायचं तर दशांश चिन्हापाशी सुटली. गुरुजींनी फळ्यावर एक आकडा लिहिला, टिंब दिलं, पुढं आणखी आकडे लिहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून मी आईबरोबर जंगलात विड्यांसाठी तेंदूची पानं तोडायला जायला लागले. टिंबाच्या पुढं काय असतं ते पुष्कळ वर्षं मला कळलं नाही.

नोकरी लागली तेव्हा मी फार भ्यालेली होते. पुण्यात माणसं शुद्ध बोलतात आणि तोडून बोलतात, त्यामुळे आपण काही विचारावं की नाही हेच समजत नसे. ठेकेदाराचा सुपरवायझर कागद घेऊन आला आणि शाईचं पॅड पुढं करून म्हणाला, "मावशी, अंगठा." मी अंगठा उचललासुद्धा. तेवढ्यात मागून आवाज आला.

"त्यांना सही येते."

बाई होत्या. मला ओळखतही नव्हत्या.

"तुम्हाला काय माहीत?" सुपरवायझर म्हणाला.

"कालपासून तीनदा सूचना फलकापाशी थांबल्यात. डोळे डावीकडून उजवीकडे जातात. नुसत्या बघणाऱ्याचे तसे जात नाहीत. अहो ताई, पेन घ्या."

मी सही केली. अक्षर वाकडं आलं, पण सही होती. सगळी शाळा मला मावशी म्हणते, मुलं, सर, मुख्याध्यापिका, सगळे. ताई म्हणणाऱ्या बाई एकट्या. त्या दिवसापासून बाई माझ्या झाल्या. म्हणजे मी तसं धरून चालले. बाईंना कुणी कळवलं नव्हतं.

एका रविवारी मंडईत भेटल्या. एका गाळ्यासमोर लाल भोपळा तळहातावर तोलत उभ्या होत्या.

"सव्वातीन किलो भरेल," भाजीवाला म्हणाला.

"दोन किलो आठशे," बाई म्हणाल्या.

काट्यावर ठेवला तर दोन किलो नऊशे. भाजीवाला म्हणाला, "बाई, तुम्ही काटा घेऊन फिरता काय?"

"तुम्ही घेऊन बसता, तरी चुकता," बाई म्हणाल्या. मग मला पाहिलं आणि शेजारचा दुधी माझ्या हातात ठेवला. "ताई, हा किती?"

आमच्याकडे बाजारात काटा परवा-परवापर्यंत नव्हता, हातच काटा. मी म्हटलं, "पाऊण किलो जी. थोडा कमीच." तो सातशे वीस ग्रॅम भरला.

बाई म्हणाल्या, "वा."

एवढंच. पण तो "वा" मी महिनाभर पुरवून वापरला. फरशी पुसताना आठवायचा, बसमध्ये उभं राहून पाय दुखायला लागले की आठवायचा.

आता झाडाकडं येते. आमच्या मैदानात एक बदाम आहे. देशी बदाम, फांद्यांचे मजल्यावर मजले असलेला, थंडी सरताना पानं लालभडक करून टाकून देणारा. तळहाताहून मोठं पान, वाळलं की पत्र्यासारखं वाजतं. पाच वर्षं मी त्याच्याखाली झाडत होते. त्याच्या मुळीला कुठं ठेच लागते ते माझ्या अंगठ्याला पाठ होतं.

बाईंनी एका जानेवारीत आठवीचा वर्ग त्या झाडाखाली आणला. "उंची काढायची आहे. वर चढायचं नाही, झाड पाडायचं नाही. कशी काढाल?"

बाईंनी सई नावाच्या मुलीला बुंध्याशी उभं केलं. बाकीच्यांना लांब नेऊन एक डोळा मिटायला लावला. हात ताठ, पेन्सिल उभी, पेन्सिलीवर सईएवढी खूण करायची. मग तेवढीच खूण एकावर एक रचत शेंड्यापर्यंत जायचं.

"साडेसात सई!" कुणीतरी ओरडलं.

"आठ सई!"

"बाई, माझी नऊ सई येते!"

"तुझा हात कोपरात वाकलाय म्हणून," बाई म्हणाल्या. "आठ धरू. सई, तू किती?"

"एक मीटर पन्नास."

"मग झाड?"

"बारा मीटर!" सगळ्यांनी गजर केला.

मी खराटा घेऊन बाजूला उभी होते. पाच वर्षं झाडाखाली मी, आणि झाड मोजलं गेलं सईत. त्यानंतर मुलं त्या झाडाला "आठ सई" असंच म्हणायला लागली. डबा कुठं खायचा? आठ सईखाली.

सई वाईट असती तर बरं झालं असतं. ती तशी नव्हती. रोज सकाळी मला "गुड मॉर्निंग मावशी" म्हणायची. मुलांनी पुठ्ठ्याच्या नळ्या केल्या होत्या, तोंडाला दोन दोरे आडवे-उभे ताणलेल्या. झाडाखाली पावलं टाकत जायचं, थांबायचं, नळीतून सरळ वर पाहायचं आणि दोऱ्यांच्या फुलीवर जे येईल ते ओरडायचं. मैदानभर नुसतं "पान! आभाळ! पान! पान! आभाळ!" शंभर वेळा पाहिलं तर पान किती वेळा, त्यावरून झाडाचं छत किती दाट ते काढायचं. सईनं धावत येऊन नळी माझ्या डोळ्याला लावली. "मावशी, बघा ना, काय दिसतं?"

"पान," मी म्हटलं.

"येस!" ती म्हणाली आणि वहीत लिहून पळाली. मला बरं वाटलं, आणि तिनं वाटू दिलं याचा रागही आला. हे तुम्हाला समजेल की नाही, सांगता येत नाही.

एकदा मात्र माझी वेळ आली होती. झाडाचा घेर मोजायला बुंध्यापासून आठ दिशांना दोऱ्या ताणायच्या होत्या आणि फांद्यांची कड नेमकी कुठं संपते यावर मुलांची भांडणं लागली. बाई वळल्या. "ताई, कड कुठं?"

"माझा खराटा थांबतो तिथं जी," मी म्हटलं आणि पावलानं रेघ ओढत फिरले. जिथं पानं पडायची थांबतात तिथं माझं झाडणंही थांबतं, रोजचंच. मुलांनी त्या रेघेवर दगड ठेवले. आठ दोऱ्यांची सरासरी पाच मीटर निघाली. बाईंनी फळ्यावर वर्तुळ काढलं आणि झाडाखालची जागा सुमारे अठ्ठ्याहत्तर चौरस मीटर, असं लिहिलं. त्यात खराटा कुठं लिहिला नव्हता. मी फळा पुसायला गेले तेव्हा नीट पाहिलं.

मग चादर आली.

बाईंच्या घरची जुनी निळी चादर, दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद कापलेली. शाळा सुटताना ती बदामाखाली अंथरायची, चार कोपऱ्यांवर दगड. सकाळी तिच्यावर किती पानं पडली ते मोजायचं. झाडाखालची जागा चादरीच्या साधारण वीसपट, म्हणून वीसनं गुणायचं. चादरीवर पन्नास, तर झाडानं हजार टाकली. असं तीन आठवडे मोजून झाड पानं कशी सोडतं त्याचा आलेख काढायचा आणि शाळांच्या प्रदर्शनात मांडायचा. मोजायला सई. ती पहिल्या बसनं यायची. वही तिच्याकडं.

माझं काम एवढंच, चादर सोडून झाडायचं.

आता झाडणाऱ्या बाईला विचारा. अंथरलेल्या चादरीवर कचरा पडलाय आणि त्याला हात लावायचा नाही, म्हणजे काय असतं ते. तरी मी पाळत होते. एका सकाळी कुणी साहेब येणार म्हणून सुपरवायझर फाटकापासूनच ओरडत आला, "मावशी, ती चादर काय तशी घाण पडलीय?" आणि माझ्या हातांनी चार टोकं धरून चादर झटकली. झटकल्यावर मला कळलं. सुपरवायझर पुढं गेला होता. रस्त्यावर सईची बस थांबल्याचा आवाज आला. मी चादर परत अंथरली, ढिगातून पानं उचलली आणि तिच्यावर पसरली. सई आली, गुड मॉर्निंग म्हणाली, उकिडवी बसून मोजायला लागली. सत्तर.

कुणाला काही कळलं नाही. मी दिवसभर घाबरून होते. ठेकेदाराची माणसं एका चुकीवर घरी बसवतात.

गोष्ट तिथंच मिटली असती. पण त्याच आठवड्यात बाईंनी सईला आपली पेन्सिल दिली. तीच, हात ताठ करून धरायची ती. वर्गासमोर दिली. "हिची नजर पक्की आहे," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चादर मुद्दाम झटकली आणि ढिगातली पानं टाकली. दोन दिवसांनी पुन्हा. कशासाठी, तर सईनं मोजलेलं खरं नसावं म्हणून. दुसरं काही मला नको होतं. तिच्या वहीत माझी पानं पडलेली असावीत आणि ते फक्त मला ठाऊक असावं.

सोमवारी सई वर्गात उड्या मारत होती. मी बाहेर व्हरांडा पुसत होते. "बाई, तीनदा सत्तर आलेत! एक्झॅक्ट सत्तर! झाड ठरवून पानं टाकतं!"

बाईंनी वही घेतली. बराच वेळ पाहिली.

"झाडाला पाढे येत नाहीत, सई."

"पण बाई, मी मोजलीत."

मागून एक मुलगा म्हणाला, "बसमध्येच लिहून आणते, बाई." वर्ग हसला. आणखी कुणी म्हणालं, "थाप!" तेव्हा बाईंनी वर पाहिलं आणि वर्ग गप्प झाला. पण सईला थापाडी म्हणून झालं होतं. बाईंनी वहीच्या पानावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली.

"कुठले आकडे खरे ते कळत नाही, तर सगळेच जातील. मोजणी बंद."

"बाई, शप्पथ मोजलीत."

"मोजली असशील. आकडे तसं म्हणत नाहीत."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. पोछा पिळताना माझ्या हातात जोर आला होता. पुढचे दोन दिवस सई जिन्याच्या खालच्या पायरीवर एकटी डबा खायची. बदामाखाली मुलं तिला जागा द्यायची नाहीत. मला गुड मॉर्निंग मात्र म्हणायची, आवाज लहान झाला होता. दुसऱ्या दिवशी मीही डबा तसाच परत नेला, पण मी स्वतःला सांगितलं, हवेमुळं असेल.

तिसऱ्या दिवशी बाई माझ्याकडं आल्या. "ताई, चादर परत टाकू. प्रदर्शनाला दहा दिवस आहेत. मोजणी तुम्ही कराल?"

आणि वही माझ्या हातात दिली.

मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं ते तुम्ही जाणा. मी "हो जी" म्हटलं.

सकाळी बाई स्वतः लवकर येऊन चादरीपाशी उभ्या राहिल्या. पानं खूप पडली होती. मला त्यांना दाखवायचं होतं की सई काय मोजते, खरं मोजणं काय असतं. मी मांडी घातली आणि हात सोडला. पाच-पाच पानं, देठ एका बाजूला, डाव्या हातात रचत. सईला लागायचा त्याच्या पाव वेळात माझं झालं.

"सत्तर," मी पहिला गठ्ठा खाली ठेवत म्हटलं. "आणि हे एकतीस. एकशे एक."

बाई "वा" म्हणाल्या नाहीत. दोन्ही गठ्ठे त्यांनी चादरीवर विस्कटले. चादरीशेजारी खाली बसल्या. साडीची पर्वा केली नाही.

"आता मोजू नका," त्या म्हणाल्या. "नुसती उचला. गप्पा मारू. गावी कोण असतं तुमच्या?"

"आई असते. धाकटी बहीण असते तिच्याजवळ."

"शेती?"

"थोडी आहे जी. धानाची. उन्हाळ्यात तेंदूपत्ता."

"आई कशा आहेत?"

"गुडघे दुखतात, पण ऐकत नाही. जंगलात जातेच." बोलता बोलता माझा हात थांबला. गठ्ठा आपोआप चादरीवर टेकला.

बाईंनी तो उचलला आणि एकेक पान बाजूला ठेवत मोजायला लागल्या. मला त्यांच्या बोटांकडं पाहवेना. तोवर मलाही कळून चुकलं होतं.

"सत्तर," बाई म्हणाल्या. "न मोजता."

तेंदूचं पुडकं सत्तर पानांचं असतं. पस्तीस पानांचं तोंड एका बाजूला, पस्तिसांचं दुसऱ्या. एक कमी भरलं तर विकत घेणारा फेकून देतो. बारा वर्षांची असल्यापासून लग्न होईस्तोवर मी दर उन्हाळ्यात शेकड्यांनी पुडकी बांधली. हात सत्तरावर थांबतो. अलीकडं थांबत नाही, पलीकडं जात नाही. हे मला कधी माहीतच नव्हतं, कारण मोजावं लागलंच नव्हतं.

मी हे सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे सई खरं सांगत होती."

"हो जी."

"चादर झटकलीत?"

"पहिल्यांदा चुकून."

"आणि नंतर?"

मी खाली पाहिलं. "तुम्ही तिला पेन्सिल दिली."

पस्तिशीची बाई मी, आणि हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. बाई हसतील असं वाटलं होतं. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पेन्सिल हवी होती?"

"पेन्सिल नको होती जी."

त्यांना समजलं. वरच्या फांद्यांकडं पाहत म्हणाल्या, "शिकायचं होतं तर मागायचं होतं."

"मागितलं असतं तर शिकवलं असतं?"

बाईंनी खरोखर विचार केला. "वेळ नव्हता," म्हणाल्या. "पण मागायचं होतं."

मग उठल्या, साडी झटकली. "वर्गात येऊन सांगा. मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

"बाई, सुपरवायझरला कळलं तर काढतील मला."

"काढतीलही. तो अंदाज मला येत नाही. पण त्या पोरीला अख्खा वर्ग थापाडी म्हणतोय, ते मला रोज दिसतंय."

मी फळ्यासमोर उभी राहिले. वर्गात मी रोज जाते, पण फळ्याकडं पाठ करून कधी उभी राहिले नव्हते. चाळीस तोंडं. काय बोलले ते मला आठवत नाही, फार वेळ बोलले नसेन. सत्तराचं सांगितलं तेव्हा मुलं खूश झाली. "मावशी, करून दाखवा ना!" त्यांनी डोळ्यावर पट्टी बांधायला लावली, कागदाचे तुकडे दिले आणि मी गठ्ठा ठेवला की सगळे मिळून मोजायचे. प्रत्येक वेळी सत्तर. टाळ्या पडल्या. ज्यानं सईला थापाडी म्हटलं होतं तोच सगळ्यात जोरात वाजवत होता.

सई वाजवत नव्हती. टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली, "मावशी, मी तुम्हाला रोज गुड मॉर्निंग म्हणत होते."

मी बाईंकडं पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

प्रदर्शनात सईनं जुनेच आकडे मांडले. रेघ मारलेलं पान तसंच लावलं, तिन्ही सत्तरांना लाल गोल केला आणि खाली लिहिलं की हे आकडे झाडाचे नाहीत, माणसाच्या हाताच्या सवयीचे आहेत, आणि ते कसे ओळखले. त्या तक्त्याला दुसरा नंबर मिळाला. त्यावर माझं नाव कुठंच नव्हतं. मी सईची त्याबद्दल ऋणी आहे. आणि थोडं वाईटही वाटलं.

कुणा पालकाकडून गोष्ट कार्यालयात गेलीच. सुपरवायझरनं मला बोलावून ओळखपत्र मागून घेतलं, दुपारी परत दिलं. वॉचमन म्हणाला, "बाई आत होत्या तुमच्यासाठी. बावीस मिनिटं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्याच सांगून गेल्या."

नोकरी राहिली. मैदान गेलं. मला दुसऱ्या मजल्यावर टाकलं, स्वच्छतागृहं आणि प्रयोगशाळा. बदाम मला आता खिडकीतून दिसायचा, वरच्या मजल्याच्या फांद्या डोळ्यासमोर. खाली नवीन आठवी, नवीन चादर, झाडायला दुसरी बाई. बाई तिच्याशी बोलताना दिसल्या की मी काच पुसायची थांबायचे.

शेवटी मी मागितलं. जिन्यात गाठून म्हटलं, "मला शिकवा." बाई म्हणाल्या, "शनिवार. शाळा सुटल्यावर वीस मिनिटं." शनिवारी मी वर्गात गेले तर सई तिथं आधीच बसलेली. नववीचं गणित घेऊन. बाई दोघींच्या मध्ये बसायच्या. दशांश चिन्हाच्या पुढं काय असतं ते मला कळलं तेव्हा मी मान वर केली, तर बाई सईच्या वहीत पाहत होत्या. "सुटलं का?" त्यांनी माझ्याकडं न पाहता विचारलं. "सुटलं जी," मी म्हटलं. सईनं माझी वही ओढून तपासली आणि बरोबरची खूण केली. ती माझ्याशी बोलायला लागली होती. पण गुड मॉर्निंग नाही, नुसतं "या मावशी."

दीड वर्षानं बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी माणसांची रांग लागली होती. मी रांगेत शेवटी उभी राहिले, म्हणजे मागून कुणी ढकलणार नाही आणि वेळ मिळेल. काय बोलायचं ते घोकून आले होते. नमस्कार केला आणि तोंड उघडायच्या आत बाईंनीच विचारलं,

"ताई, तेंदूचं झाड केवढं असतं?"

"पानं तोडतात ते कमरेएवढंच जी. मोठं होऊ देत नाहीत, दरवर्षी छाटतात. कोवळी पानं खालूनच येतात."

"मी पाहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. एवढी वर्षं झाडं मोजलेली बाई, पण हे त्यांनी असं सांगितलं, जसं कुणी सांगावं की मला अजून पोहता येत नाही. "मे महिन्यात तुमच्या आईंकडं एक माणूस राहू शकेल?"

माझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. रेल्वेत बाई खिडकीशी, मी शेजारी. जंगलात मी पुढं, बाई मागं. पण मे महिन्यात शाळेची रंगरंगोटी असते. आम्हा ठेक्याच्या बायकांना तेव्हाच जास्त काम. सात वर्षांत मी उन्हाळ्यात घरी गेलेली नाही.

"मला सुट्टी नसते बाई."

"मला आहे," त्या म्हणाल्या.

मी पत्ता लिहून दिला. स्वच्छ अक्षरात, बहिणीच्या फोन नंबरासकट. आईला कळवलं की माझ्या बाई येत आहेत.

आठ दिवसांसाठी गेल्या आणि वीस दिवस राहिल्या. आता दरवर्षी जातात, यंदा तिसरं वर्ष. आईनं त्यांना पहाटे जंगलात न्यायला सुरुवात केली आहे. त्यांचं पुडकं पहिल्या वर्षी विकत घेणाऱ्यानं फेकून दिलं होतं, आता घेतो. माझी बहीण चौथीपर्यंत शिकलेली. तिला त्या रोज संध्याकाळी अंगणात बसवून दशांश शिकवतात, वीस मिनिटं नाही, अंधार पडेपर्यंत. तिलाही ताई म्हणतात.

मला हे बहीणच सांगते. मी ऐकते आणि "बरं आहे" म्हणते. माझ्या आईला शहाणी सोबत मिळाली, बहिणीला शिकायला मिळालं, मला याचा आनंद असायला पाहिजे. आहेही. पण रात्रीचा प्रवास करून, माझ्या घरी, माझ्या मायेजवळ बाई बसल्या आहेत आणि मी बाईंच्या पुण्यात रिकाम्या वर्गांमधून रंगाचे डाग खरवडते आहे, हे माझ्या मनात नीट मांडताच येत नाही.

परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत राहवलं नाही म्हणून घरी फोन केला. बहिणीनं उचलला. मागं बायकांचं हसणं ऐकू येत होतं, त्यात बाईंचंही. त्या मोठ्यानं हसतात, हे मला पुण्यात कधी कळलं नव्हतं.

"आईला दे," मी म्हटलं. "बोलू दे तिच्याशी."

"आता नाही जमत वं," बहीण म्हणाली. "आई बाईले भात वाढून रायली. मांगून करतो फोन."